जादाचा गाऊन

पदवीदानाच्या दिवशी गाऊन शिवणाऱ्या मास्तरांच्या घरात कुणी कुणाशी भांडत नसे. भांडणं नव्हती असं नाही. ती आदल्या दिवशीपर्यंत चालत आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा सुरू होत. पण त्या एका दिवशी सगळं घर कॉलेजच्या सभागृहामागच्या लांबट खोलीत कामाला जुंपलेलं असे, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या माणसाला भांडता येत नाही, एवढं साधं कारण त्यामागे होतं.

यंदाही तसंच चाललं होतं. भाऊ, म्हणजे मास्तरांचा मुलगा, दाराशी उभा राहून पोरांच्या उंचीचा अंदाज घेत हँगरवरून गाऊन काढून देत होता. नुसत्या नजरेनं माप घ्यायचं. टेप काढली की रांग तुंबते. त्याची बायको, जिला दुकानातले कारागीरही वहिनीच म्हणत, टोप्यांच्या टेबलाशी होती. चौकोनी टोपी डोक्यावर सपाट बसवायची, दोन्ही बाजूंनी केसांत पिना खुपसायच्या आणि गोंडा उजवीकडे सोडायचा. पदवी मिळाली की पोरं तो आपल्या हातानं डावीकडे घेत. त्याआधीच कुणी गंमत म्हणून घेतला, तर वहिनी हातावर चापट मारी, मग तो डॉक्टर होणारा असो की वकील.

आरशापुढे खुद्द मास्तर. गुडघे कुरकुरायला लागून जमाना झाला होता, पण गाऊन मागून उघडून धरायचं काम त्यांनी अजून कुणाला दिलं नव्हतं. पोरानं हात मागे करायचे, मास्तरांनी बाह्या चढवायच्या, मानेखालच्या चुण्या अंगठ्यानं दाबून बसवायच्या आणि खांद्यावर थाप मारून म्हणायचं, "जा. ताठ चाल." कपड्याचं दुकान काढलेल्या माणसानं जन्मभर फक्त गाऊनच शिवावेत आणि भाड्यानं द्यावेत, हा वेडेपणाच, पण गावातल्या तीन पिढ्यांची पाठ आपण पाहिली आहे, असं मास्तर म्हणत, आणि ते खरं होतं.

आणि हूडच्या टेबलाशी अक्का. मास्तरांची थोरली मुलगी, भाऊची बहीण. हूड म्हणजे पाठीवर सोडायचं ते रंगीत अस्तराचं वस्त्र. कला शाखेचं पांढरं, विज्ञानाचं पिवळं, कायद्याचं निळं, वैद्यकाचं लाल. पुढे त्याला एक लूप असतो, तो शर्टाच्या बटणात अडकवायचा. नाहीतर हूड मागे सरकतं आणि नेमकं कुलगुरूंसमोर गळा आवळतं. बटण नसेल तिथे अक्का सेफ्टीपिन लावी. तिच्या हातानं लावलेली पिन कुणाला कधी टोचली नाही.

तिचं आणि वहिनीचं टेबल शेजारी शेजारी होतं. वरच्या मजल्यावरची उजेडाची खोली आपल्या मुलीच्या अभ्यासाला हवी, अक्कानं खालच्या खोलीत यावं, असं वहिनीनं म्हटल्यापासून दोघींचं बोलणं ‘धर’ आणि ‘दे’ या दोन शब्दांवर आलं होतं. आज तेही कमी होतं. आज नुसते हात पुढे होत होते.

रांगेत घरचंच माणूस आलं तेव्हा मात्र दोघींनी एकदमच मान वर केली.

"आला बघा मनोरा," भाऊ दारातून म्हणाला.

भाऊची ही एकुलती एक मुलगी जन्मली तेव्हाच तिचे पाय दुपट्याबाहेर आले होते म्हणे. दहावीपर्यंत ती बापाच्या वर गेली आणि घरात तिचं नाव शिडी पडलं. बल्ब बदलायचा असला की हाक मारायची सोय. तिनं इतिहास घेतला होता आणि चांगल्या गुणांनी पास झाली होती. मास्तरांनी तिच्यासाठीही तसाच गाऊन उघडून धरला, बाह्या चढवल्या, चुण्या दाबल्या. खांद्यावर थाप मारायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या.

मग ते थबकले. खाली वाकून त्यांनी गाऊनचा घेर पाहिला, बाह्यांची टोकं पाहिली. मागच्या आठवड्यात हाच गाऊन तिच्या नडगीवर लटकत होता. आज तो नीट पावलांपर्यंत आला होता.

"लांब केला का गं कुणी?"

"केला," अक्का हूडवरून नजर न काढता म्हणाली.

"नव्या ठाणातलं कापड लावलं असशील, तर वरच्या दिव्यांत हिरवट दिसेल. काळा काळा सारखा नसतो."

"जुन्याच ठाणातलं आहे."

"जुनं ठाण तर कधीच संपलं."

"थोडं होतं माझ्याकडे," अक्का म्हणाली आणि शिडीच्या गळ्यात पांढरं हूड घालायला पुढे झाली. तिची बोटं लूपशी जरा जास्तच वेळ घुटमळली. शिडी वाकली आणि आत्याच्या कानाशी पुटपुटली, "छातीत धडधडतंय." "धडधडू दे," अक्का म्हणाली. "ज्यांच्या नाही धडधडत त्यांच्या टोप्या पडतात."

घरचं माणूस गाऊन घालणार, हे त्या घरात दुसऱ्यांदा घडत होतं. पहिल्यांदा ते अक्काच्या बाबतीत घडलं होतं, किंवा घडता घडता राहिलं होतं. अक्काही कला शाखेचीच. गाऊन घालून, हूड लावून ती याच खोलीत याच आरशापुढे उभी होती, आणि ऐन वेळी न्यायाधीशांचा मुलगा धापा टाकत आला. त्याच्या नावाचा गाऊन सांगायचाच राहिला होता आणि हँगर सगळे रिकामे झाले होते. गाऊनशिवाय व्यासपीठावर पाऊल नाही, हा कॉलेजचा नियम. गिऱ्हाईक आधी, घर मागून, हा मास्तरांचा. मास्तर वळले आणि अक्काला म्हणाले, "उतरव." तिनं उतरवला. तो दिवस तिनं या खोलीत रिकाम्या हँगरांशेजारी काढला आणि पदवी तिला टपालानं घरी आली.

ही गोष्ट घरात कुणी काढत नसे. फक्त मास्तर काढत. नवा कारागीर ठेवला की त्याला कामाची रीत समजावताना ते हमखास सांगत, "माझ्या पोरीनं अंगावरचा गाऊन काढून दिला. एक शब्द नाही काढला तोंडातून. याला म्हणतात दुकान." अक्का तेव्हा शेजारीच बसून तुरपाई करत असे.

त्यापुढच्या वर्षापासून मास्तरांच्या दुकानातून गाऊन कधीच कमी पडला नाही. विसरलेला, हरवलेला, आयत्या वेळी उगवलेला, कुणीही येवो, मास्तर रुबाबात म्हणत, "अक्का, बघ गं," आणि अक्का ट्रंकेशी जाऊन गाऊन घेऊन येई. मास्तरांच्या हिशेबाला तोड नाही, असं कॉलेजात सगळे म्हणत. मास्तरही म्हणत. हिशेबाचा त्यात काही भाग नव्हता. दर वर्षी आदल्या दिवशी अक्का हूडच्या ट्रंकेच्या तळाशी एक जादाचा गाऊन घडी करून ठेवी आणि वर हूड रचून टाकी. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तोही हिशेबात धरला गेला असता, आणि हिशेबातला जादाचा गाऊन जादाचा राहत नाही.

तोच गाऊन तिनं या आठवड्यात कापला होता. शिडीच्या नडग्या उघड्या पडू नयेत म्हणून. मास्तर तर म्हणालेच होते, "घरचीच पोर आहे, नडग्या कोण बघतंय!" अक्काला ते सहन झालं नाही. तिनं वरच्या खोलीत, ज्या उजेडावरून भांडण होतं त्याच उजेडात, जादाच्या गाऊनचा घेर उसवला, पट्ट्या काढल्या आणि शिडीच्या गाऊनला अशा जोडल्या की शिवण बोटालाही लागू नये. एक वर्ष नसला जादाचा तर काय होतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. स्वतःला समजावणं सगळ्यात सोपं असतं.

रांग संपली. मिरवणूक निघायची म्हणून पोरं बाहेर बोळात जोडीजोडीनं उभी राहिली. शिडी पाणी प्यायला म्हणून पुन्हा आत आली, आणि तिच्यामागोमाग रजिस्ट्रारबाई एका ठेंगण्या मुलीला हाताला धरून आत आल्या. मुलीच्या पायात दवाखान्यातल्या चपला होत्या. डोळे झोपेनं तांबारले होते.

"मास्तर, ही वैद्यकाची. रात्रपाळी करून थेट आली आहे. गाऊन सांगायचा राहून गेला म्हणते."

"मी काल फोन करणार होते," मुलगी म्हणाली, "पण वॉर्डात... माझे आईवडील सभागृहात येऊन बसलेत. पहाटेच निघालेत ते घरून."

मास्तरांची छाती फुगली. या क्षणासाठीच ते वर्षभर जगत असत असं म्हटलं तरी चालेल. "ये पोरी. मास्तरांकडे गाऊन कमी पडत नाही. अक्का, बघ गं."

अक्का जागची हलली नाही.

"अक्का?"

"नाहीये, बाबा."

"नाही म्हणजे? ट्रंकेत बघ."

"ट्रंकेत दर वर्षी एक जादाचा असायचा. मी ठेवायची. यंदा नाहीये. तो मी कापला." तिनं शिडीच्या घेराकडे पाहिलं आणि सगळ्यांच्याच नजरा तिकडे गेल्या.

मास्तरांना समजायला वेळ लागला. आधी त्यांना वाटलं एक गाऊन वाया गेला. मग लक्षात आलं, की एवढी वर्षं जो हिशेब आपण आपला म्हणून मिरवला तो आपला नव्हताच. ते टेबलाला धरून उभे राहिले. माणूस दुखावला की रीतीला घट्ट धरतो, आणि मास्तरांनी तेच केलं.

"ज्याच्यासाठी कापला त्यानंच भरावं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक दारात उभं आहे. शिडी, उतरव."

बोळात पोरांचा गलबला चालू होता.

भाऊनं दारातून आत पाहिलं. तोच शब्द, तोच आवाज. त्या वेळी तो एकोणीस वर्षांचा होता, नुकता दुकानात लागलेला. हाक आली म्हणून सभागृहातून आत आला, तर अक्का आरशाकडे पाठ करून उभी होती आणि मास्तरांच्या हातात गाऊन होता. "नेऊन दे," मास्तर म्हणाले आणि त्यानं नेऊन दिला. कापड अजून गरम होतं. न्यायाधीशांच्या मुलानं आभारसुद्धा मानले होते, आणि भाऊनं त्या वेळी, देवाशपथ, दुसरा विचार केला नव्हता. विचार नंतर आले. अक्काच्या लग्नाची बोलणी दोनदा निघाली आणि दोन्हीदा दुकानाच्या हंगामात अडकून विरली, तेव्हा आले. रात्री ती एकटीच मशीनवर बसलेली दिसे, तेव्हा आले. आता बोललं पाहिजे, बाप आहेस तू, असं तो स्वतःला सांगत होता, आणि दाराशीच उभा होता.

शिडीनं तर एक हात बाहीतून काढलासुद्धा. चिडून नाही, सवयीनं. याच घरात वाढलेली ती. ‘उतरव’ म्हटलं की उतरवायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

"हात आत घाल," वहिनी म्हणाली.

सगळे दचकले. वहिनी आजवर सासऱ्यांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. खोलीच्या भांडणातही ती मास्तरांच्याच आडून लढत होती.

"वहिनी, तू मध्ये पडू नकोस," मास्तर म्हणाले.

"पडणार, बाबा. तुमची गोष्ट मी लग्न होऊन आले त्या महिन्यात ऐकली. नव्या कारागिराला सांगता तीच. पोरीनं एक शब्द नाही काढला! मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हटलं, माझ्या पोरीनं काढला पाहिजे. ती नाही काढत तर मी काढते. शिडी, हात आत."

"आणि ही पोर?" मास्तरांनी ठेंगण्या डॉक्टरणीकडे बोट केलं. "हिच्या आईबापांनी काय करायचं?"

डॉक्टरीणच म्हणाली, "राहू द्या हो. मी नाही जात वर. खरंच राहू द्या." तिचा आवाज रडवेला झाला, आणि मग शिडीनं दुसराही हात काढायला घेतला. मास्तरांनी गाऊन घेण्यासाठी भाऊकडे पाहिलं. गाऊन न्यायचं काम भाऊचं.

भाऊनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "मागच्या वेळी मी नेला होता," तो म्हणाला. "या वेळी नाही नेणार. काय व्हायचं ते होऊ दे."

"अरे, मग करायचं काय? बोला ना कुणीतरी!" रजिस्ट्रारबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या.

"कला शाखा पहिली आहे," अक्का म्हणाली.

ती शांतपणे बोलत होती, एखादी पाठ झालेली गोष्ट म्हणून दाखवावी तशी. "वैद्यक शेवटी. मध्ये विज्ञान आहे, कायदा आहे, भरपूर वेळ आहे. शिडी मिरवणुकीत जाईल, वर जाईल, पदवी घेईल आणि डावीकडच्या पायऱ्यांनी उतरेल. त्या पायऱ्या बोळात येतात. मी तिथे उभी राहते. ती गाऊन उतरवेल, हूड स्वतःचं ठेवेल. डॉक्टरीणबाईंना लाल हूड आहेच, टोपीही आहे. मिरवणूक त्यांची चुकेल, पण नाव पुकारलं की त्या उजवीकडून गाऊन घालून वर जातील. शिडीला शेवटी बिनगाऊनचं बसावं लागेल, तर तिनं मागच्या रांगेत बसावं. तिथल्या अंधुक दिव्याखाली तसंही काही दिसत नाही."

रजिस्ट्रारबाईंनी बोटांवर शाखा मोजल्या.

"नियमात बसतं," रजिस्ट्रारबाई म्हणाल्या. "व्यासपीठावर गाऊन हवा, एवढंच आहे. खुर्चीचं कुठे काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे दोघींचं होतंय?" डॉक्टरणीनं विचारलं.

"होतंय की," शिडी म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात पुन्हा बाह्यांत घातले. चुण्या विस्कटल्या होत्या. मास्तर पुढे आले नाहीत. भाऊनं त्या अंगठ्यानं दाबून बसवल्या आणि म्हणाला, "जा. ताठ चाल." मग तोंड फिरवून त्यानं नाक पुसलं. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कुठल्या पायऱ्या कुठे उतरतात आणि मागच्या कुठल्या रांगेत उजेड नाही, हे अक्काला कसं माहीत? ती तर त्या सभागृहात त्यानंतर कधीच गेली नव्हती.

*

शिडीला व्यासपीठावरचं फारसं काही आठवलं नाही. दिवे होते, कुणाचा तरी कोरडा हात होता, आणि गोंडा डावीकडे घेताना तो नाकाला लागून शिंक येता येता राहिली. लक्षात राहिलं ते एवढंच, की चालताना घेर पावलांवर जड, सरळ पडत होता. नडग्या झाकणाऱ्या त्या पट्ट्या कशातून आल्या हे तिला आता माहीत होतं, आणि त्या मळू नयेत म्हणून ती पायऱ्या उतरताना गाऊन उचलून उतरली.

बोळात आत्या हात पुढे करून उभी होती. आई डॉक्टरणीच्या डोक्यावर टोपी बसवत होती.

शिडीनं गाऊन काढून दिला. अंगावर साधा ड्रेस आणि गळ्यात पांढरं हूड. विचित्र वाटलं, पण वाईट नाही. गाऊन डॉक्टरणीच्या अंगावर चढला आणि सगळ्यांनाच हसू फुटलं. शिडीच्या मापाचा तो, वर पुन्हा लांब केलेला. डॉक्टरीण त्यात तंबूत शिरल्यासारखी दिसत होती. बाह्यांतून बोटंही बाहेर येईनात.

"या हातानं पदवी कशी घेऊ?" ती म्हणाली.

"थांबा, हलू नका," अक्का म्हणाली आणि खाली बसली. "वहिनी, तू त्या बाजूनं ये."

दोघी डॉक्टरणीच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसल्या आणि घेर दुमडून टाचण्या लावत एकमेकींच्या दिशेनं सरकू लागल्या. वहिनी हळूच म्हणाली, "खोली राहू दे तुमचीच. शिडीचा अभ्यास आता झाला. आणि उजेड तुम्हालाच लागतो."

"हूं," अक्का म्हणाली. तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

वहिनी पुढच्या दुमडीकडे वळली. अक्का थांबली. तिनं तोंडातल्या सगळ्या टाचण्या काढून हातात घेतल्या आणि वहिनीकडे नीट पाहिलं. "हूं म्हणजे हो, असं म्हणतेय मी. आणि शिडीची पुस्तकं येऊ देत वर. जागा आहे."

"बरं," वहिनी म्हणाली. "एवढं टाचण्या काढून सांगायला नको होतं. कळलं मला."

"सांगावं," अक्का म्हणाली.

तेवढ्यात आत डॉक्टरणीचं नाव पुकारलं गेलं. ती गाऊन सावरत वर गेली, आणि मागच्या रांगेतून दोन म्हातारी माणसं उभी राहून एवढ्या जोरात टाळ्या वाजवू लागली की कुलगुरूंनीही वळून पाहिलं. शिडी त्यांच्याच शेजारी जाऊन बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या.

*

सगळं आटोपलं. भाऊ आणि वहिनी गाऊनचे गठ्ठे गाडीत भरायला गेले, शिडी मैत्रिणींबरोबर फोटो काढत होती. खोलीत मास्तर आरशासमोरच्या स्टुलावर बसले होते आणि अक्का हूड रंगांप्रमाणे लावत होती. डॉक्टरणीनं परत आणून दिलेला गाऊन मास्तरांच्या मांडीवर होता.

"किती पटकन सुचलं गं तुला," ते म्हणाले.

"आज नाही सुचलं, बाबा."

मास्तरांनी आरशातून तिच्याकडे पाहिलं.

"तेव्हाच सुचलं होतं. त्या दिवशी सकाळी तुमच्यासाठी चहा आणायला गेले, तेव्हा पायऱ्या वगैरे सगळं बघून ठेवलं होतं, कुठून चढायचं, कुठून उतरायचं. पहिल्यांदाच वर जाणार होते ना. मग तो मुलगा आला. तुम्ही प्राचार्यांच्या हूडला टाचण्या लावत होता. मी जवळ येऊन म्हटलं, बाबा, मी पहिली जाऊन येते. तो कायद्याचा, त्याची शाखा बरीच नंतर आहे, तोवर मी उतरते आणि त्याला देते. तुम्ही ‘हूं’ म्हणालात. मला वाटलं, हो म्हणालात. मी थांबले. मग तुम्ही वळून म्हणालात, उतरव." ती पिवळी हूड्स एकावर एक ठेवत होती. "असो. तुमच्या तोंडात टाचण्या होत्या, गडबड होती. नसेल ऐकू आलं."

वाट तिनं करून दिली होती. मास्तरांनी फक्त मान हलवायची होती. आज तर म्हाताऱ्या कानांचंही निमित्त होतं. एवढी वर्षं ‘एक शब्द नाही काढला’ असं सांगता सांगता ते स्वतःलाही खरं वाटू लागलं होतं, आणि अजूनही ते तसंच ठेवता आलं असतं.

"ऐकू आलं होतं," मास्तर म्हणाले.

अक्काचे हात थांबले.

"सगळं ऐकू आलं होतं. न्यायाधीशांचा मुलगा. त्याला म्हणायचं, थांब बाबा, माझी मुलगी वर जाऊन येते, मग तिच्या अंगावरचा घाल? शिंप्याच्या मुलीच्या अंगावरचा? माझी जीभ रेटेना. मला वाटलं, दुकान जाईल. कॉलेज म्हणेल, हा माणूस घरच्यांना पुढे करतो. तू हट्ट केला असतास तर..." ते थांबले. "नाही. तू हट्ट करणार नाहीस हे मला माहीत होतं. म्हणूनच तुला म्हटलं."

अक्कानं हातातल्या हूडची घडी उलगडून पुन्हा घातली. रागावली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. बोळातून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"बरं झालं सांगितलंत," ती शेवटी म्हणाली. "एवढी वर्षं मला वाटायचं, मीच हळू बोलले."

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही आणि अक्कानंही त्यांची समजूत काढली नाही. जरा वेळानं ते स्टुलाला धरून उठले, मांडीवरचा गाऊन त्यांनी झटकला आणि आरशापुढे, गिऱ्हाइकासाठी धरत तसा, मागून उघडून धरला.

"त्यात टाचण्या आहेत, बाबा," अक्का म्हणाली. "टोचतील."

मास्तर पुन्हा बसले. घेर मांडीवर ओढून घेऊन ते एकेक टाचणी काढू लागले. पहिली टाचणी जन्माच्या सवयीनं ओठांकडे गेली. त्यांनी ती तिथेच थांबवली, बाजूच्या डबीत टाकली आणि सगळ्या टाचण्या संपेपर्यंत तसंच केलं. मग गाऊन हातावर घेऊन ते पुन्हा उभे राहिले.

"तेव्हा काय म्हणाली होतीस?" त्यांनी विचारलं. "पुन्हा एकदा सांग."

अक्कानं हूड खाली ठेवलं, आरशाकडे तोंड केलं आणि हात मागे केले.

"बाबा, मी पहिली जाऊन येते," ती म्हणाली, जरा मोठ्यानंच.